हरळीसाठी पॉलिहाउस

दिवाळी मागे पडली आणि हवेला एकदम धार आली. मृणालिनीबाई आंघोळ उरकून, डोक्याला पंचा गुंडाळून, हातात पितळेची ताटली घेऊन घराच्या कडेला आल्या तेव्हा शेजारच्या गुलाबांच्या वाफ्यावर ऊन यायचं होतं. त्यांनी स्वेटरवरून पदर खोचला आणि उकिडव्या बसल्या.

रोजचं पाच मिनिटांचं काम. आज पाऊण तास झाला तरी ताटलीत चौदाच दूर्वा. बाकीची पाती टोकाला पिवळी पडून वळली होती, हात लावला की पेरापाशीच तुटत होती. बाईंनी गुडघ्यावर तळवा टेकून दम घेतला आणि गुलाबाच्या बुंध्यात हात घातला. काटा लागला. पंधरावी तिथे मिळाली, विटेच्या आडोशाला.

नेम साधा होता. मागच्या माघात नागपूरला मनोहररावांच्या छातीचं ऑपरेशन झालं, सहा तास चाललं. बाहेरच्या बाकड्यावर बसून बाई मनातल्या मनात बोलून गेल्या, 'हा माणूस आपल्या पायांनी घरी आला तर पुढच्या गणेश जयंतीपर्यंत रोज एकवीस दूर्वा वाहीन, वाहिल्याशिवाय तोंडात घास घालणार नाही.' मनोहरराव आपल्या पायांनी घरी आले. मे महिन्यात दोघं सातासमुद्रापार लेकीकडे, फ्रिस्कोला आले ते मुक्कामालाच.

इथली माती बघून बाईंना माहेरी आल्यासारखं झालं होतं. काळीभोर, उन्हात भेगाळणारी, पाऊस पडला की चपलेला किलोभर चिकटणारी. थेट वर्ध्याकडची कपाशीची माती. आणि गवत बघून तर त्या हसल्याच. बाईंच्या वडिलांचं अर्धं आयुष्य शेतातली हरळी खणून काढण्यात गेलं. बांधावर तिचं नाव हरळी, देव्हाऱ्यात गेली की दूर्वा. इथे लोक तिचं अंगण करत होते, तिला मोजून पाणी पाजत होते. फक्त दर गुरुवारी मशीनवाले येऊन तिची शेंडी उडवून जात. शेंडी गेली की तीन पाती गेली, आणि तीन पात्यांवाचून दूर्वा कसली? म्हणून शेजारच्या गुलाबांत जी चुकार हरळी घुसलेली असे, तिच्यावर बाईंचा नेम चालायचा. शेजारच्या म्हाताऱ्या अर्लसाहेबांना त्यांनी पहिल्याच दिवशी खुणेनं विचारलं होतं, 'घेऊ का?' त्यांनी टोपी उचलून मान डोलावली होती.

थंडीत हे गवत मुळापासून वाळून गव्हाच्या काडासारखं होतं आणि मार्चपर्यंत उठत नाही, हे मात्र बाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

एकवीस पुऱ्या व्हायला साडेनऊ वाजले.

"आई, साडेदहा!" पूजा आटोपून त्या बाहेर आल्या तशी इला करवादली. लॅपटॉप मांडीवर, कान मीटिंगमध्ये. "तुझी शुगरची गोळी, तुझं खाणं, काही टाइम आहे की नाही? मी टेंपलमधल्या गुरुजींना फोन केला होता काल. ते म्हणाले, दूर्वा नसतील तर अक्षता वाहा. शास्त्रात अलाउड आहे."

"आहे ना. मला ठाऊक आहे."

"मग?"

"मी अक्षता बोलले नव्हते गं," बाई हळूच म्हणाल्या. "दूर्वा बोलले होते."

मनोहरराव वर्ध्याच्या आयटीआयत फिटर ट्रेडचे मास्तर होते. निवृत्त झाले तरी आवाज वर्कशॉपचाच राहिला. ते खुर्चीतून म्हणाले, "माझ्या जिवापायी एकवीस काड्या गवत! बैल तरी एवढ्यात ऐकतो का? पेंडीभर तरी बोलायचं होतं."

"पेंडीभर बोलले असते तर आज काय केलं असतं?" बाई म्हणाल्या, आणि तिघंही हसले. पण हसून गवत उगवत नव्हतं. आज तारीख होती पाच नोव्हेंबर. गणेश जयंतीला दोन महिन्यांच्या वर अवकाश होता.

बाईंनी कुंड्यांत लावून पाहिलं. खिडकीशी ठेवलेल्या हरळीनं आठ दिवसांत लांबच लांब पांढुरक्या दोऱ्या काढल्या, पानं नावाला. मनोहररावांनी एक दोरी चष्म्याजवळ धरली. "ही उन्हाला हपापलेली आहे. घरात नाही जगायची. हिला बाहेरच ठेवायचं, पण थंडी लागू द्यायची नाही. पॉलिहाउस पाहिजे."

"काय?"

"पॉलिहाउस. आपल्याकडे ढोबळी मिरचीला करतात, तसं."

संध्याकाळी जावई ऑफिसातून आला. राजेश ठाण्याचा, हौशी, सगळ्यांना हवं ते लगेच करून टाकणारा. "आई, सांगायचं ना! मी किट ऑर्डर करतो. शनिवारपर्यंत येईल."

किटची चित्रं निघाली. सगळी सात फुटांची. इलानं कपाळाला हात लावला. "सोसायटीचा रूल आहे. कुंपणाच्या वर काही दिसता कामा नये. आईच्या सांडग्यांचं आठवतंय ना?"

ते कोण विसरणार? जूनमध्ये बाईंनी पुढच्या अंगणात, छान ऊन येतं म्हणून, जुन्या साडीवर सांडगे वाळत घातले होते. चौथ्या दिवशी फोटोसकट पत्र आलं. इलानं ते मोठ्यानं वाचलं. त्यात साडीला 'बेडिंग' आणि सांडग्यांना 'डेब्री' म्हटलं होतं. बाईंनी दोन्ही टोकं धरून साडी उचलली आणि गॅरेजात नेऊन ठेवली. मुलीच्या घरी राहायचं तर आपल्यामुळे पत्र यायला नको, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

"कुंपण सहा फूट," मनोहरराव कागद ओढत म्हणाले. "आपण पाच फुटांत बसवू. किट कशाला? जाळीची कमान वाकवायची, दोन्हीकडे लोखंडी खुंट, वर प्लॅस्टिकची पन्नी. किलोभर बर्फीइतकाही खर्च नाही."

"आणि खड्डे कोण खणणार?" बाईंनी विचारलं. मनोहररावांना पाच किलोच्या वर उचलायची बंदी होती. राहता राहिला जावई. जावयाच्या हातात कुदळ द्यायची या कल्पनेनंच बाईंना ओशाळल्यासारखं झालं. "मी करीन हळूहळू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच सुरुवात केली. मागच्या अंगणात कुंपणालगत, दक्षिणेचं ऊन येतं तिथे, दहा फूट बाय आठ फूट दोरी आखली आणि खुरप्यानं वरचं वाळकं सोलायला बसल्या. खालच्या पांढऱ्या मुळ्या अजून जित्या होत्या. तेवढ्यात कुंपणाच्या फळ्यांवरून टोपी दिसली आणि मग अर्लसाहेबांचं लालबुंद तोंड. ते ऐंशीच्या घरातले, एकटे राहणारे. काहीतरी म्हणाले. बाईंना 'ग्रास' एवढंच कळलं. त्यांनी इलाला हाक मारली.

इला कानातलं काढत आली. दोघांचं बराच वेळ चाललं. अर्लसाहेब एकदा गुलाबांकडे बोट दाखवत, एकदा बाईंकडे. मग थांबले, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हसायला लागले ते खोकला येईपर्यंत.

"काय झालं गं?"

इलाचंही हसू आवरेना. "आई, यांना सहा महिने वाटत होतं, तू यांच्या गुलाबांतलं तण काढून देतेस. रोज सकाळी. फुकट. म्हणून ते आपल्या दारात भेंडी ठेवायचे. आणि परवाचे ते अक्रोडासारखे पिकान!"

बाईंचा चेहरा पडला. "अगं बाई. मी तर म्हटलं, माणूस मनानं चांगला आहे."

"तसा आहेच. ते विचारतायत, हेच गवत तू मुद्दाम लावणारेस? घर बांधून?"

"हो म्हण."

अर्लसाहेबांनी यावर जे म्हटलं ते इलानं आईला सांगितलं नाही. "म्हणतात, फार चिवट गवत आहे." पण मागे खुर्चीत बसलेल्या मनोहररावांना तेवढं इंग्रजी येत होतं. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "सैतानाचं गवत म्हणाला तो! त्याचा बाप इथेच कापूस करायचा, जिंदगीभर हे उपटत मेला म्हणतो."

बाई खुरपं खाली ठेवून अर्लसाहेबांकडे बघत राहिल्या. मग इलाला म्हणाल्या, "त्यांना सांग, माझेही वडील."

इलानं सांगितलं. अर्लसाहेबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि घराकडे वळले. दुपारी त्यांची पिकअप दारात उभी राहिली. मागे सोळा फुटांच्या, गुरांच्या गोठ्याला लावतात तसल्या जाड तारेच्या दोन जाळ्या, गंजके लोखंडी खुंट आणि खुंट ठोकायचं एक दोन मुठींचं जड नळकांडं होतं.

"अर्लराव, थँक्यू," मनोहरराव म्हणाले. तेव्हापासून ते अर्लरावच झाले.

शनिवारी कामाला हात लागला. रात्रभर पावसाची झड येऊन गेली होती आणि माती पायाला धरून ठेवत होती. बाईंनी जावयाला चहाच्या कपाबरोबर जुनी पँट दिली आणि नजर चुकवत म्हणाल्या, "राजेशराव, तुम्ही नुसतं धरून उभे राहा हो. ठोकायचं मी बघते."

"आई, काय बोलताय!" राजेशनं नळकांडं उचललं, आणि पोटात धक्का बसल्यासारखं तोंड केलं. त्यानं ते खुंटावर चढवलं आणि दाणकन सोडलं. खुंट दोन इंच गेला आणि तिरपा झाला.

"ओळंबा!" खुर्चीतून मनोहरराव ओरडले. हातात दोऱ्याला बांधलेला नट होता. "आधी ओळंबा बघा. आमच्याकडे पहिल्या वर्षाची पोरं असं करायची. काढा तो."

"बाबा, इंचभराचा फरक आहे."

"इंचभर? फिटरला इंचभर म्हणजे शिवी आहे."

तिसऱ्या खुंटापर्यंत राजेशला लय सापडली. वर उचलायचं आणि वजनावर सोडून द्यायचं, दाबायचं नाही. दहा वाजेपर्यंत त्याच्या तळव्याला फोड आले, अकराला फुटले. बाईंनी हळद-तेलाची चिंधी बांधली. त्यानं हात लेकरासारखा पुढे केला.

जाळी वाकवणं हा खरा प्रसंग. सोळा फुटांची जाळी म्हणजे दबलेला अजगर. एका टोकाला राजेश, दुसऱ्याला इला, मध्ये बाई खांदा देऊन. मनोहरराव हिशेब ओरडून सांगत होते, "दहा फुटांचा पाया धरा, उंची पाच फूट एक इंच येईल. अर्धवर्तुळ आहे, दुसरं काही येऊच शकत नाही!" जाळी उठली, वाकली आणि इलाच्या हातून निसटली. सटकन सरळ होऊन तिनं राजेशचा चष्मा उडवला. चष्मा चिखलात.

सगळे त्याच्याकडे धावले.

"लागलं का हो?" बाईंनी विचारलं.

राजेशनं चिखलातून चष्मा काढून शर्टाला पुसला. शर्टाला आधीच चिखल होता. तो डोळ्यांना लावला. "आता सगळं ब्राऊनच दिसतंय," तो म्हणाला. इला हसत हसत खालीच बसली.

दुसऱ्या खेपेला कुंपणापलीकडून अर्लराव आले, म्हाताऱ्या पण जाड मनगटांचे. त्यांनी टोक पायाखाली दाबलं आणि कमान जागेवर बसली. तारेचे वेढे पिळायला मनोहररावांनी पक्कड मागून घेतली. पक्कड काही पाच किलोची नव्हती. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते ओणवे होऊन काम करत होते. बाई बघत होत्या, त्यांचा श्वास लागत नव्हता. पिळलेलं प्रत्येक टोक ते आत वळवत होते. "पन्नी फाटता कामा नये," म्हणत.

तरी बाईंनी स्वतःच्या दोन जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या फाडल्या आणि सगळ्या तारांना, दुखऱ्या बोटाला गुंडाळतात तशा गुंडाळल्या. सांडग्यांची साडी त्यातलीच एक.

रविवारी पन्नी चढली. वारा नव्हता तेवढ्यात, सकाळीच. पन्नी धरायला पाण्याच्या जुन्या पाइपचे वीतभर तुकडे चिरून चिमट्यासारखे बसवले, ही अर्लरावांची युक्ती. पुढच्या-मागच्या तोंडाला प्लायवूड, त्यात एक बुटकं दार, वर एक झडप, ऊन वाढलं की उघडायची. दार इतकं बुटकं झालं की राजेशचं कपाळ आपटलं.

"आई, सॉरी, जरा लो झालं."

"बरंच झालं," बाई म्हणाल्या. "गाभाऱ्यात वाकूनच जायचं असतं."

गॅलनचे दुधाचे कॅन या घरात कधीच टाकले जात नव्हते. बाईंना रिकामा डबा टाकववत नसे. ते पस्तीस निघाले. मनोहररावांनी एकेक बसून काळा रंगवला, पाणी भरून आतल्या भिंतीशी ओळीनं मांडला. दिवसा ऊन पिऊन ठेवतील, पहाटे सोडतील. शेवटी बाई एकट्या आत गेल्या. गुलाबांतून आणि अंगणातून जमवलेल्या जित्या मुळ्या विळ्यानं बोटबोट तोडल्या, ओळीत दाबल्या, भांड्यातलं पाणी हातानं शिंपडलं. आत मातीचा ओला वास कोंडला होता. बाहेरचा थंड उजेड पन्नीतून दुधासारखा येत होता. त्या तिथेच जरा बसून राहिल्या. त्यांना उठावंसंच वाटेना.

उरलेले दिवस आता बोटांवर धरून काढायचे होते. बाहेरच्या वाफ्यात रोज थोडं थोडं मिळत गेलं. दीड तास, कधी दोन. थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारी पाणी गोठलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीची अंगणं एका रंगाची झाली, भाजल्या पापडासारखी. बाई पांघरूण घेऊन बुटक्या दारातून आत वाकल्या.

आत हिरवं होतं. फार नाही, ओळींतून सुईएवढी पाती उभी होती. पण पाती तीन होती. त्यांनी एकवीस खुडल्या, आणि उरल्या. पूजा सव्वाआठला आटोपली. इलानं घड्याळ बघितलं, मग आईकडे, आणि पोह्यांची बशी पुढे केली.

डिसेंबर असा गेला की बाईंना तो सांगतासुद्धा आला नसता. सकाळी झडप उघडायची, चारला लावायची. हरळीनं पेराला पेर काढत जमीन धरली. मनोहरराव दुपारी आत खुर्ची टाकून, टोपी घालून, पेपरासारखा फोन वाचत बसत. "इथे नागपूरचा फेब्रुवारी आहे," म्हणत. अर्लराव एकदा आत येऊन गेले. गवत पाहून त्यांनी मान हलवली, पण निघताना कडेला भाजीच्या मुळ्याची दोन रोपं खोचून गेले.

घोटाळा झाला तो प्रेमापोटी. नाताळच्या सुट्टीत राजेशला आत दोन-तीन जागा उघड्या दिसल्या, जिथे बाई रोज खुडत. तो हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि थंडीत उगवणाऱ्या गवताचं बी आणून, कुणाला न सांगता, मूठभर नाही, पिशवीभर पेरून आला. दहाव्या दिवशी त्यानं बाईंना हाताला धरून नेलं. "आई, डोळे मिटा. आता उघडा. एकवीस काय, एकवीसशे घ्या!"

सगळा वाफा हिरवागार, चकचकीत, घोट्याएवढा.

बाईंनी बघितलं. एकेक पातं सुटं उभं, खाली पेर नाही, पाठ तेलकट. याच्या खाली त्यांची हरळी सावलीत दबलेली. त्यांनी जावयाच्या तोंडाकडे पाहिलं. "छान उगवलंय हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तास-तास. दोन बोटांनी ते नवं गवत बाजूला सारायचं, आतून दूर्वा शोधायची, उजेडात धरून पाठ बघायची, ताटलीत टाकायची. पाठीत कळ बसली. मनोहरराव म्हणाले, "सांगून टाक त्याला. मी सांगतो."

"अजिबात नाही. हातांना फोड आणून त्यांनी हे उभं केलंय."

"अन् तू कंबर मोडून घेणार?"

"आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे."

शुक्रवारी राजेश घरून काम करत होता. खिडकीतून त्याला पन्नीआड आईंची सावली दिसली. मीटिंग संपली, दुसरी संपली, सावली तिथेच. तो वाकून आत आला. "आई, अजून नाही झालं? इतकं तर आहे!" म्हणत त्यानं एका झटक्यात मूठभर उपटून ताटलीपुढे धरलं.

"ठेवा हो," म्हणून बाईंनी ते घेतलं आणि ताटलीबाहेर, मातीवर ठेवलं. तिथे आधीच एक ढीग होता.

राजेशनं ढीग बघितला. ताटली बघितली. "हे वेगळं का ठेवलंय?"

बाई ताटलीतल्या दूर्वा सारख्या करू लागल्या.

"आई?"

"ते... ते गवत आहे हो."

"आणि ताटलीतलं?"

"ती दूर्वा."

राजेश मातीतच बसला. कान लाल झाले. "म्हणजे मी आठ दिवस ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवतोय... आई, मला सांगायचं ना! परकं समजता?"

"परकं समजले असते तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं," बाई म्हणाल्या, आणि आपण हे बोलून गेलो याचं त्यांनाच नवल वाटलं.

शनिवारी सबंध दिवस जावई पोटावर आडवा पडून निंदत होता. पहिल्या तासाला त्यानं तीन दूर्वा उपटल्या आणि तीनदा सॉरी म्हणाला. बाई शेजारी पाटावर बसून दाखवत होत्या. "नुसती बघू नका, ओढून बघा. सहज हातात आली तर तुमची. नाही आली तर बाप्पाची."

"माझी... माझी... ही बाप्पाची," राजेश पुटपुटत पुढे सरकत होता. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यातल्या थोड्या पात्यांखेरीज वाफा मोकळा झाला. हरळी दबून पिवळसर झाली होती, पण तिनं जमीन सोडली नव्हती. तीन दिवसांत उन्हाला सरसावली.

गणेश जयंती गुरुवारी आली. आणि त्याच पहाटे बाईंच्या कमरेत उसण भरली. बिछान्यातून उठताना एक चमक आली आणि त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. आंघोळ केली, देवापुढच्या स्टुलावर कशाबशा बसल्या. वाकणं शक्य नव्हतं.

"मी आणतो," राजेश म्हणाला. पूजेसाठी नेसायला दिलेला सोवळ्याचा पंचा त्यानं पँटवरूनच गुंडाळला होता. "आता मला येतं."

बाहेर उणे चार होतं. तो पाऊण तासानं आला. गुडघ्यांना माती, बोटं लालभडक, तोंडावर परीक्षा देऊन आलेल्या माणसाचे भाव. ताटली त्यानं दोन्ही हातांनी पुढे केली. "दोनदा मोजल्या."

बाईंनी दूर्वा डाव्या तळव्यावर घेतल्या आणि अंगठ्यानं एकेक सरकवू लागल्या. एक, दोन, तीन. पात्यांना दव होतं. अठरा. एकोणीस. विसावी. एकविसावी अंगठ्याखाली गुळगुळीत लागली. त्यांनी ती किंचित वळवली. पाठ तेलकट, चकचकीत.

स्वयंपाकघरातून तिळाच्या मोदकांचा वास येत होता. मनोहरराव धोतर नेसून, हातात घंटा घेऊन बसले होते. राजेश बाईंच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"कमी आहेत का आई?"

"नाही हो. बरोबर एकवीस आहेत." बाईंनी मूठ मिटली. "पण आज समाप्ती आहे ना. आज एक वरची लागते."

"एकच?"

"एकच. कॅनांच्या बाजूची बघा. पेराला धरून ओढा."

तो चप्पल न घालताच पळाला. मनोहररावांनी घंटा मांडीवर ठेवली. "असं असतं का समाप्तीला?"

"असतं," देवासमोर बसून बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दार वाजलं. राजेश आला. हातातली दूर्वा सहज आलेली नव्हती. दोन पेरं आणि मुळीसकट काळ्या मातीचा गोळा तिला लटकलेला होता. बाईंनी ती पळीभर पाण्यानं धुतली. तीन पाती. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग एकेक नाव घेत त्या वाहू लागल्या. एकविसावी, ती मुळीची, मूर्तीच्या पायाशी नीट बसली. वर्षाचं बोलणं पुरं झालं. तळव्यावर अजून एक पातं होतं. बाईंनी तेही उचललं, कपाळाला लावलं आणि वाहिलं, सगळ्यांच्या वर.

"बावीस," मनोहरराव म्हणाले.

"हो."

"आई, बावीस चालतात?" राजेशनं दबक्या आवाजात विचारलं.

"चालतात हो."

इलानं मोदकांचं ताट आणून ठेवलं, नैवेद्य झाला, घंटा वाजली. बाईंनी पहिला मोदक उचलून जावयाच्या हातावर ठेवला. त्याच्या नखांत माती तशीच होती.